वंगण आणि वाङ्मय

मराठीच्या अध्यापकांच्या कोणत्याही चर्चासत्रात 'यंत्रसंस्कृती' हा शब्द हमखास ऐकू येतो. तो उच्चारताना वक्त्याचा स्वर किंचित जड होतो आणि श्रोते माना डोलावतात. यंत्रसंस्कृतीने माणसाचे यंत्र केले, संवेदना बोथट केल्या, माणसामाणसांतला ओलावा आटवला, इत्यादी. मीही गेली वीसेक वर्षे हा शब्द वर्गात वापरत आलो आहे, आणि उत्तरपत्रिकेत तो दिसला की हात सैल सोडून अर्धा गुण अधिक देत आलो आहे. मात्र ज्या यंत्राविषयी आपण इतक्या अधिकाराने बोलतो, त्याच्या पोटाखाली शिरण्याची वेळ माझ्यावर पहिल्यांदा आली ती गेल्या हिवाळ्यात, महाबळेश्वरी. तेव्हापासून हा शब्द माझ्या तोंडून नीटसा निघत नाही. प्रस्तुत लेख हा कबुलीजबाब नव्हे, ती एक तक्रार आहे, आणि ती माझ्याच जमातीविषयी आहे.

प्रसंग अगदी क्षुल्लक. क्षेत्र महाबळेश्वरला एका नातलगाकडे आठवडाभर मुक्काम होता. गाडी जुनी, मारुती आठशे. इंजिनातले तेल बदलायची मुदत केव्हाच उलटून गेलेली. पसरणीचा घाट चढून वर आल्यावर सहज पट्टी काढून पाहिली, तर तेल खालच्या खुणेपाशी आणि डांबरासारखे काळे. गावातल्या एका गॅरेजात गेलो. हंगाम असल्याने मिस्त्री पर्यटकांच्या गाड्यांत बुडालेले. "सर, दोन दिवस तरी हात लावता येणार न्हाई," ते म्हणाले, "तुम्हीच करा की. अवघड काय हाय त्यात?"

अवघड काय आहे त्यात! या साध्या प्रश्नाने मी जेवढा ओशाळलो तेवढा कोणत्याही समीक्षकाच्या प्रश्नाने आजवर ओशाळलो नव्हतो. कारण त्या प्रश्नाला उत्तर नव्हते. अवघड काहीच नव्हते. मला येत नव्हते, इतकेच. आणि येत नाही याची मला कधी लाज वाटली नव्हती, हे त्याहून वाईट.

काम खरोखरच साधे आहे. इंजिन चारपाच मिनिटे चालवून तेल कोमट करायचे, म्हणजे ते पातळ होऊन तळाची घाण घेऊन बाहेर येते. फार तापले असेल तर हात भाजतो. गाडी सपाट जागी उभी करायची (महाबळेश्वरात सपाट जागा शोधणे हाच पहिला पुरुषार्थ), हँडब्रेक ओढायचा, चाकांना दगड लावायचे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचे नाही, हे मिस्त्रींनी तीनदा बजावले आणि आपले दोन लोखंडी स्टँड, सतरा नंबरचा पाना व एक जुने घमेले माझ्या हवाली केले. इंजिनाच्या तळाशी तेलाचे जे भांडे असते त्याला गॅरेजात 'चेंबर' म्हणतात. त्याच्या बुडाला एक नट असतो. तो सोडला की तेल घमेल्यात पडते. मग फिल्टर बदलायचा, नव्या फिल्टरच्या रबरी कड्याला बोटाने तेल लावायचे, नटाला नवा वायसर घालून तो परत बसवायचा, वरून नवे तेल ओतायचे, इंजिन थोडे चालवून थांबायचे आणि पट्टीवर पातळी पाहायची. दोन खुणांच्या मध्ये असली पाहिजे. कमी असले तर इंजिन जाईल हे सर्वांना कळते; जास्त तेलही इंजिनाला बाधते, हे मला त्या दिवशी कळले.

पाठीवर आडवे पडून वर पाहू लागले की उजवेडावे हरवते. पहिली दोन मिनिटे मी नट सोडण्याऐवजी आवळत होतो. संध्याकाळी मिस्त्री स्टँड न्यायला आले तेव्हा मी नट परत बसवत होतो. सुरुवातच पान्याने केली होती. ते खाली वाकले आणि म्हणाले, "आधी बोटानं लावा सर. आटे धरले का न्हाई ते बोटाला कळतं. पान्याला कळत न्हाई."

हे वाक्य मी ज्ञानमीमांसेवरच्या कित्येक जाड ग्रंथांपेक्षा मोलाचे मानतो. नट तिरका बसला तर बोटाला लगेच अडथळा जाणवतो. पान्याच्या दांड्यामुळे जोर इतका वाढतो की अडथळा कळायच्या आतच आटे कापले जातात, आणि एकदा आटे गेले की चेंबरच बदलायची वेळ येऊ शकते. जोर वाढला की जाण कमी होते. आमच्या समीक्षेचे नेमके हेच झाले आहे. 'यंत्रसंस्कृती', 'वस्तूकरण', 'परात्मता' हे आमचे लांब दांड्याचे पाने. कोणत्याही कवितेला लावावेत आणि गरकन फिरवावेत. आटे धरले की कापले, हे पाहायला बोट कोण लावतो?

आता हा आरोप पुराव्याने मांडतो.

मराठी नवकवितेचा इतिहास शिकवताना आपण बा. सी. मर्ढेकरांचा 'काही कविता' (१९४७) हा संग्रह घेतो आणि 'यंत्रयुगातील माणसाची घुसमट' हे सूत्र फळ्यावर लिहितो. मर्ढेकरांनी यंत्राची भाषा कवितेत आणली, हे खरेच आहे, आणि ते धाडस होते. परंतु त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत आपण काय केले? त्यांच्या कवितेतली यंत्रे आपण प्रतीके म्हणून उचलली आणि यंत्रे म्हणून सोडून दिली. कवीला वस्तू दिसली होती. समीक्षेला फक्त तिचा अर्थ दिसला. जी वस्तू आपण कधी हाताळली नाही ती कशाचे प्रतीक आहे हे ठामपणे सांगणे ही आपल्या अभ्यासक्रमातली सर्वांत सोपी आणि सर्वांत पोकळ कसरत आहे.

दुसरे उदाहरण याच गावाशी निगडित आहे. २००९ साली महाबळेश्वरात ८२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. नियोजित अध्यक्ष आनंद यादव यांना तुकारामांवरील कादंबरीच्या वादातून पद सोडावे लागले आणि संमेलन अध्यक्षाविना पार पडले. त्या रिकाम्या खुर्चीवर पुष्कळ लिहिले गेले, आणि लिहिले जायलाच हवे होते. मात्र त्या निमित्ताने यादवांच्या 'गोतावळा'कडे (१९७१) पुन्हा वळावे, असे किती जणांना वाटले? यंत्र शेतात येते तेव्हा काय होते, याविषयी मराठीत याहून नेमकी कादंबरी मला ठाऊक नाही. मालकाच्या शेतात ट्रॅक्टर येतो, जनावरे एकेक करून जातात आणि नारबा या शेतगड्याचा सारा गोतावळा उठतो. नारबाचे दुःख अस्सल आहे, कारण त्याच्या हातातले काम गेले आहे. बैलाच्या खांद्यावरून फिरणाऱ्या त्याच्या हाताला आता कोठे ठेवावे हेच कळत नाही.

आमच्या समीक्षेने या दुःखाचे काय केले, तर ते उसने घेतले. ज्याने बैल हाकला नाही आणि ट्रॅक्टरही हाकला नाही, तो प्राध्यापक नारबाच्या वतीने यंत्राविरुद्ध उसासे टाकू लागला. नारबाने ट्रॅक्टरचा द्वेष केला तर त्याला कारण होते. मला काय कारण? मी तर यंत्रावर बसूनच घाट चढून आलो आहे. महाबळेश्वरवरचे कोणतेही ललित लेखन काढून पाहा. धुके आहे, स्ट्रॉबेरी आहे, वेण्णा तलाव आहे, आर्थरसीटचा वारा आहे. लेखकाला वर घेऊन आलेली गाडी मात्र मजकुरात कोठेच नाही. जणू लेखक मेघदूतातल्या मेघासारखा तरंगत आला. घाटात खालच्या गिअरमध्ये इंजिन तासभर ओरडत असते आणि आत तेल चारपाच कामे एकाच वेळी करत असते: घर्षण कमी करते, उष्णता वाहून नेते, दट्ट्याच्या कड्यांभोवतीची फट भरून काढते, गंज रोखते, काजळी धुऊन आपल्यात धरून ठेवते. तेल काळे पडते ते मुख्यतः या शेवटच्या कामामुळे. काळे तेल म्हणजे बिघडलेले तेल, असे मी समजत होतो. ते राबलेले तेल असते. घरातल्या राबणाऱ्या माणसासारखे हे सगळे आपल्या वाङ्मयातून वगळलेले असते, आणि वगळणारेच पुन्हा 'उपेक्षितांचे अंतरंग' या विषयावर निबंध वाचतात.

आपली वाङ्मयीन संस्कृती मुळातच अशी होती, असे म्हणावे तर इतिहास साक्ष देत नाही. निदान सातारा-सांगलीचा तरी देत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली आणि १९१० साली औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडलरोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना वसवला. लोखंडी नांगराने जमीन विषारी होईल, अशी शंका ज्या काळात शेतकरी घेत होते त्या काळात तेथे नांगर ओतले जात होते. त्याच किर्लोस्करवाडीतून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाली, तिचे पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि १९३० साली 'स्त्री' सुरू झाले. मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्यांची वाचनाची आवड ज्या मासिकांनी घडवली ती नांगरांच्या आणि पंपांच्या कारखान्याच्या आवारातून निघत होती. शंकरराव किर्लोस्करांना नांगराची जाहिरात आणि स्त्रीच्या शिक्षणावरचा लेख एकाच टेबलावरून पाठवताना विटाळ झाल्यासारखे वाटले नाही. आपण वाङ्मयेतिहासात या मासिकांचे प्रकरण शिकवतो आणि कारखाना तळटीपेत टाकतो.

कऱ्हाडजवळ ओगलेवाडी. तिथल्या प्रभाकर कंदिलाच्या उजेडात किती मराठी पुस्तके वाचली गेली असतील याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. आणि कर्मवीर भाऊराव पाटील! १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करणारा हा माणूस ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडलेला होता. त्यांनी शिक्षणाचा पाया 'कमवा आणि शिका' असा घातला. हात आणि पाटी वेगळी करायची नाहीत, हे तत्त्व या मातीत शंभर वर्षांपूर्वी रुजवले गेले. आज त्याच मातीतल्या महाविद्यालयांत मराठीचा विद्यार्थी आपल्या वडिलांचे गॅरेज आहे हे चारचौघांत सांगायला कचरतो. मी असे विद्यार्थी पाहिले आहेत. त्यांना ही लाज कोणी शिकवली? आम्हीच. शब्दांनी नव्हे, कोणत्या अनुभवाला 'वाङ्मयीन' म्हणायचे आणि कोणत्या नाही, या आमच्या मूक निवडीने.

आता भाषेविषयी, कारण भाषा हा तर आपला व्यवसाय. पसरणी घाटाच्या पायथ्याशी वाई. लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोश तिथे उभा राहिला. वेदान्त, व्याकरण आणि यंत्रविद्या एकाच कोशात, एकाच मराठीत मांडता येतात, हा त्यामागचा विश्वास होता. तर्कतीर्थ म्हणवणाऱ्या पंडिताला यंत्राची नोंद कमी प्रतीची वाटली नाही. आम्हा पदव्युत्तरांना वाटते. 'वंगण' हा शब्दच घ्या. त्याचे जुने रूप 'ओंगण'. बैलगाडीच्या आसाला घालायचे ते ओंगण. मोटार आली तेव्हा मराठीला नवा शब्द घडवण्यासाठी कोणत्या समितीकडे जावे लागले नाही. बैलगाडीच्या चाकातला शब्द मोटारीच्या चाकात सहज गेला. गॅरेजातली भाषा अशीच जिवंत आहे. 'गाडी तेल खाते', 'इंजिन बसले', 'आटे गेले', 'गाडी ओढत नाही', 'आवाज बदललाय'. मिस्त्री यंत्राविषयी बोलतात ते नारबा बैलाविषयी बोलेल तसे: खाण्यापिण्याच्या, थकण्याच्या, आजारपणाच्या क्रियापदांत. यंत्राला 'निर्जीव' म्हणतो तो आपण; कारण त्याचा आवाज बदलला तरी आपल्याला तो ऐकू येत नाही. दसऱ्याच्या सुमारास आपण पाटीवर सरस्वती काढतो आणि पुस्तकांना फुले वाहतो. त्याच दिवसांत गॅरेजात पान्यांना झेंडू वाहिलेला असतो. सण एकच, फक्त एकाची पूजा दुसऱ्याच्या अभ्यासक्रमात नाही.

येथपर्यंत वाचून काही मित्र हसतील हे मी जाणतो. त्यांचे आक्षेप मला पाठ आहेत, कारण ते काल-परवापर्यंत माझेच होते.

पहिला आक्षेप: 'एकदा तेल बदलले आणि लगेच श्रमाचे तत्त्वज्ञान सांगायला बसलात!' हा आक्षेप बरोबर आहे आणि तो मी स्वतःला आधीच घेतला आहे. रॉबर्ट पिर्सिगचे 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' (१९७४) हे पुस्तक आमच्या पिढीतल्या इंग्रजी वाचणाऱ्या कित्येकांच्या कपाटात आहे. त्यातला 'झेन' सर्वांना आठवतो, 'मेंटेनन्स' कोणाला आठवत नाही. हौसेने हात काळे करणारा आणि पोटासाठी रोज काळे करणारा यांत फरक आहे. माझे हात दोन वेळा साबण लावून स्वच्छ झाले. मिस्त्रींच्या नखांतली काळी रेघ जात नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली दाखवून दिले की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि तीही उतरंडीची. लोखंडाला कोणी हात लावायचा आणि लेखणीला कोणी, हे ठरवणारी ती उतरंड मी गाडीखाली एक तास पडून मोडत नाही. तसा दावा केला तर तो ढोंगीपणा ठरेल. माझा दावा लहान आहे: जे आपल्याला येत नाही त्याविषयी तुच्छतेने बोलायचा अधिकार आपल्याला नाही.

दुसरा आक्षेप: 'ज्याचे काम त्याने करावे. तुम्ही तेल बदलू लागलात तर मिस्त्रीने काय करावे?' जरूर, गाडी मी पुढच्या वेळी त्यांच्याकडेच नेणार आहे. पण आता मी त्यांना 'जरा बघा काय झालंय' असे म्हणून चहा प्यायला जाणार नाही. काय झाले आहे ते विचारीन आणि त्यांनी सांगितलेले समजून घेईन. चांगल्या वाचकाने कवी व्हावे असे कोणी म्हणत नाही. त्याला छंद कळावा, एवढे तर आपण म्हणतोच ना?

तिसरा आक्षेप गंभीर आहे: 'यंत्रांनी निसर्गाचा नाश चालवला असताना तुम्ही यंत्राचे स्तोत्र गाता?' याचे उत्तर त्या घमेल्यात होते. नट सुटला, तेल पडले, आणि जवळजवळ अडीच लिटर काळे तेल माझ्यासमोर उभे राहिले. आता याचे काय करायचे? इतकी वर्षे हा प्रश्न माझ्यापुढे आलाच नव्हता. तेल गॅरेजात बदलले जात होते, आणि जुने तेल कोठे जाते हे विचारण्याचे मला कधी सुचले नव्हते. अंगणाच्या कडेला उतार होता. ओतले असते तर कोणी पाहिले नसते. पण मी उभा होतो तो डोंगर कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगमस्थान मानला जातो. पंचगंगेच्या देवळात जे पाणी लोक तीर्थ म्हणून पितात ते याच डोंगराचे. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते, वेण्णा माहुलीला. सावित्री कोकणात उतरते. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ साली केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित केला. वापरलेले इंजिन ऑइल २०१६च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते, आणि १ एप्रिल २०२४पासून त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी तेल उत्पादकांवरही टाकण्यात आली आहे. हे सर्व मला घरी परतल्यावर वाचून कळले. त्या क्षणी फक्त एवढेच कळले की हे माझे आहे.

ते तेल मी नव्या तेलाच्या रिकाम्या डब्यात भरले, झाकण घट्ट लावले, डिकीत ठेवून घाट उतरलो आणि वाईतल्या माझ्या नेहमीच्या गॅरेजात, जुने तेल पिंपात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी देतात तेथे, पोचते केले. यात मोठेपणा काही नाही. पण 'यंत्रसंस्कृती निसर्गाचा घास घेते' हे वाक्य मी शेकडो वेळा उच्चारले होते, आणि त्या वाक्याने माझ्या गाडीचे एक थेंब तेलही कोठे जाते हे मला कधी सांगितले नव्हते. मोठ्या शब्दाचा हाच उपयोग असतो: तो अपराध सर्वांचा करून टाकतो, म्हणजे माझा कोणताच राहत नाही. पर्यावरणाची खरी समीक्षा करायची तर ती 'यंत्र' या नामाने होणार नाही. कोणते यंत्र, कोणता भाग, किती तेल, कोणाचे हात, कोणती नदी, असे विचारावे लागेल. आणि हे प्रश्न ज्याने बोनेट उघडले आहे त्यालाच सुचतात.

म्हणून माझी मागणी ठोस आहे. 'गोतावळा' शिकवताना एखाद्या ट्रॅक्टरचालकाला वर्गात बोलवा आणि त्याला बोलू द्या. 'समाजशास्त्रीय दृष्टिकोन' नंतर सांगता येईल. नारायण सुर्व्यांचे 'माझे विद्यापीठ' (१९६६) शिकवताना गिरणीत काम केलेल्या माणसाच्या कवितेतले शब्द 'कष्टकऱ्यांची वेदना' या एका गाठोड्यात बांधू नका. बोलींच्या प्रकल्पासाठी विद्यार्थी दुर्गम पाड्यांवर जातात, जरूर जावेत; पण महाविद्यालयाच्या फाटकासमोरच्या गॅरेजातली बोली कोणी नोंदवली आहे काय? ज्या विद्यार्थ्याच्या वडिलांचे ते गॅरेज आहे, त्याच्यावर हे काम सोपवा. तो कचरणार नाही, उलट पहिल्यांदाच वर्गात ताठ बसेल.

आणि उत्तरपत्रिकेत 'यंत्रसंस्कृती' हा शब्द आला की अर्धा गुण अधिक देण्याची माझी सवय मी मोडली आहे. आता समासात लाल शाईने लिहितो, 'कोणते यंत्र?' उत्तर आले, तर एक पूर्ण गुण द्यायची माझी तयारी आहे. असो.